अधिष्ठात्यांची ओपीडी बंद करू नका



सरकारी रुग्णालयात काही अघटित घडले की एक सूचना हटकून पुढे येते : अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी रुग्ण तपासणे सोडून पूर्णवेळ प्रशासन पाहावे. काहींना तर त्या खुर्चीत डॉक्टरच नको, सनदी अधिकारी हवा. शासकीय सेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर म्हणून मला दोन्ही अमान्य.

जो प्रमुख ओपीडीत बसतो, त्याला औषधांचा तुटवडा कुणी कळवावा लागत नाही. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी त्यालाच लिहावी लागते. राउंड घेणाऱ्याला एका खाटेवरचे दोन रुग्ण दिसतात. शिवाय निवासी डॉक्टर ऐकतात ते रुग्ण पाहणाऱ्याचेच. डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे अधिष्ठाता असतानाही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करत होते. अर्थात मोतीबिंदू थोडक्यात आटोपतो. पोटाची चार तासांची शस्त्रक्रिया सोडून मंत्रालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सला (व्हीसी) कसे बसणार? अशा सर्जनने प्रमुखपदी असेपर्यंत मोठ्या शस्त्रक्रिया सहकाऱ्यांकडे सोपवाव्यात, ओपीडी आणि राउंड मात्र सोडू नये.

प्रमुखाचा वेळ खाते ते वेगळेच. दिव्यांग प्रमाणपत्रे, वैद्यकीय मंडळ, गर्भलिंगनिदानविरोधी (पीसीपीएनडीटी) कायद्याच्या तपासण्या, कोर्टाच्या तारखा, मंत्र्यांचे दौरे, तारांकित प्रश्नांची उत्तरे. त्यात जबाबदारी एकाची, अधिकार दुसऱ्याचे : इमारत आणि वीज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पदभरती मंत्रालयाच्या मर्जीवर. २०२१च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बालके गेली, नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत अकरा रुग्ण. दोन्ही वेळा जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. त्यांची काहीच चूक नसेल असे मी म्हणत नाही. पण रुग्ण तपासणे सोडले असते तर त्या आगी टळल्या असत्या, असे कोण म्हणेल? ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, तेव्हा एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. औषधे आणि माणसे कमी का पडली, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

प्रमुखाच्या हाताखाली खरेदी-दुरुस्तीचे खरे अधिकार असलेला प्रशिक्षित प्रशासकीय अधिकारी द्या. वर्षानुवर्षे ‘प्रभारी’वर कारभार चालवू नका. आणि आठवड्यातल्या दोन सकाळी फक्त रुग्णांसाठी राखून ठेवा. त्या वेळात बैठक नाही, व्हीसी नाही, दौरा नाही. पदे भरायला वेळ लागेल हे मान्य. दोन सकाळींचा शासननिर्णय तरी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांच्या मंत्र्यांनी लगेच काढावा.

— एक निवृत्त शासकीय डॉक्टर, सातारा