कुलूप लागलं की कल्ला

लालबाग-परळच्या चाळीत दाराला कुलूप लागलं की पोपट आकाशपाताळ एक करतो आणि अख्ख्या गॅलरीची दुपारची झोप उडते. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये एका ज्येष्ठ नागरिकाने शेजारच्या पोपटाच्या शिट्ट्या-किंचाळ्यांना कंटाळून खडकी पोलीस ठाणं गाठलं. मालकावर अदखलपात्र गुन्हा नोंदला गेला. बिचारा पोपट हट्टी नसतो. तो थव्यातला पक्षी. सोबती दिसेनासा झाला की हाका मारणारच. पण जिन्यातून परत फिरून ‘गप रे राजा’ म्हणालात, तर ओरडलं की माणूस येतो, एवढंच तो शिकतो. त्यापेक्षा दोन-दोन मिनिटं बाहेर जावं, तो गप्प झाला की मगच आत यावं, मग वेळ वाढवत न्यावा. निघताना लाडीगोडी नको. कागदाच्या पुडीत मक्याचे दाणे बांधून ठेवावेत, ती फाडण्यात चोच गुंतते. अर्थात हे सगळं लव्हबर्ड, कॉकाटीलवाल्यांसाठी. आपला कंठवाला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाईच आहे. तेव्हा शेजारी चौकीत गेलेच, तर आवाजाआधी पिंजऱ्याची चौकशी होईल.