आवाज बंद करून बघा

५ ऑगस्ट २०१७ ची रात्र. मुंबईत वरळीच्या डोममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्फिकार मैमैतियाली समोरासमोर उभे होते. दहा फेऱ्यांची व्यावसायिक लढत आणि दोघांचेही पट्टे पणाला लागलेले. गॅलरीत सगळा आपलाच आवाज. निकाल लागला तो विजेंदरच्या बाजूने. तीन जजचे गुण होते ९६-९३, ९५-९४ आणि ९५-९४. देशभर जल्लोष झाला. सीमेवर तेव्हा डोकलामचा तणाव होता, त्यामुळे आनंद जरा जास्तच.

आता ही बेरीज पुन्हा एकदा करून बघू. बॉक्सिंगमध्ये फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला साधारणपणे ९ गुण मिळतात. म्हणजे एका फेरीचे १९ आणि दहा फेऱ्यांचे १९०. पण ९५ आणि ९४ मिळवले तर १८९ होतात. ९६ आणि ९३ चेही १८९ च. एक गुण कुठे गेला? कमरेखाली ठोसे मारले म्हणून रेफरीने झुल्फिकारचा एक गुण कापला होता. तो गुण परत जोडला तर दोन जजच्या कागदावर ९५-९५ अशी बरोबरी होते, आणि तीनपैकी दोघांनी बरोबरी दिली की लढतच अनिर्णित सुटते.

विजेंदरला विजय फुकट मिळाला, असा याचा अर्थ कुणी काढू नये. कमरेखाली मारलं तर गुण जातो, हा नियमच आहे आणि तो पाळला गेला. पण गड्यांनो, खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा ही बेरीज केली? हीच लढत शांघायला झाली असती आणि एका कापलेल्या गुणावर विजेंदर हरला असता, तर आपण कागद-पेन घेऊनच बसलो असतो!

इंचॉनच्या वेळी आपण तसेच बसलो होतो. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सरिता देवी उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाच्या पार्क जि-ना हिच्याशी लढली. स्पर्धा कोरियात, प्रतिस्पर्धी कोरियाची आणि निकालही कोरियाच्या बाजूने. तक्रार नोंदवायला ५०० डॉलर मोजावे लागले आणि तक्रार फेटाळली गेली. पदक समारंभात रडतरडत सरिताने आपलं कांस्यपदक पार्कच्याच गळ्यात घातलं. त्याबद्दल तिच्यावर एका वर्षाची बंदी आली. आपला संताप योग्यच होता. प्रश्न एवढाच आहे, की हा संताप फक्त परगावी हरल्यावरच का येतो?

घरच्या मैदानाचा फायदा ही नुसती हरणाऱ्यांची तक्रार नाही, तो मोजला गेला आहे. नायजेल बाल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपियन अजिंक्यपदाच्या अनेक दशकांतल्या लढती तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन बॉक्सर सारख्याच ताकदीचे धरले, तर घरच्या बॉक्सरने जिंकण्याची शक्यता किती? निकाल नॉकआऊटने लागला तर ५७ टक्के. रेफरीने मध्येच लढत थांबवली तर ६६ टक्के. आणि निकाल जजच्या गुणांवर गेला तर ७४ टक्के.

हे तीन आकडे नीट बघा. नॉकआऊटमध्ये कुणाचं मत लागत नाही, समोरचा दहा मोजेपर्यंत उठत नाही, विषय संपला. तरीही घरच्याला थोडा फायदा आहेच. घरचं जेवण, घरची झोप, प्रवासाचा शीण नाही, सगळं आलं त्यात. लढत थांबवताना एका माणसाचं मत लागतं आणि फायदा वाढतो. गुणांवर गेलं की सगळाच खेळ मतांचा, आणि फायदा सर्वांत जास्त. माणसाच्या मताला जितकी जागा, तितकं घरच्याचं पारडं जड.

मग हे सगळे जज विकले गेलेले असतात का? काही वेळा तसंही झालं असेल, पण प्रत्येक वेळी पैसा शोधायची गरज नाही. जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात. ठोसा हातमोज्यावर बसला की हनुवटीवर, हे एखाद्या बाजूने दिसतं, दुसऱ्या बाजूने दिसत नाही. अशा वेळी कान मदतीला येतो. घरच्या पोराचा ठोसा हवेत गेला तरी गॅलरी ओरडते. पाहुण्याचा ठोसा गालावर बसला तरी शांतता. तीन मिनिटांत असं वीस वेळा झालं की प्रामाणिक माणसाचंही पेन थोडं सरकतं, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. पंचांमुखी परमेश्वर असतो म्हणतात. असेलही, पण त्या परमेश्वराला कान आहेत हे विसरू नका.

म्हणूनच ब्रिस्बेनची गोष्ट महत्त्वाची आहे. २ जुलै २०१७ रोजी तिथे ५० हजारांवर प्रेक्षकांसमोर स्थानिक जेफ हॉर्नने मॅनी पॅकियाओला गुणांवर हरवलं. ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या हिशेबाने पॅकियाओचे १८२ ठोसे लागले होते आणि हॉर्नचे ९२. जगभर ओरड झाली. तेव्हा डब्ल्यूबीओ या संघटनेने वेगवेगळ्या देशांतले पाच जज निवडले, त्यांची नावं गुप्त ठेवली आणि त्यांना लढतीचा व्हिडिओ आवाज बंद करून बघायला सांगितलं. निष्कर्ष काय निघाला? हॉर्नने सात फेऱ्या जिंकल्या, पॅकियाओने पाच. निकाल कायम राहिला.

ज्यांना वाटत होतं की पॅकियाओला लुटलं, त्यांना हे पटलं नाही, आणि आजही अनेकांना पटत नाही. पण त्यातून दोन गोष्टी शिकता येतात. एक, घरचा जिंकला म्हणजे चोरी झालीच, असं नाही. दोन, शंका आली तर ती तपासायची पद्धत असू शकते. नुसत्या आरडाओरड्यापेक्षा आवाज बंद केलेला व्हिडिओ हॉर्नच्याही कामाचा ठरला. त्याच्या विजयावरचं प्रश्नचिन्ह पुसायला तेवढाच एक कागद होता.

कारण संशयास्पद विजय घरच्या पोरालाही पचत नाही. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत कोरियाच्या पार्क सि-हुनला ८६ ठोसे मारले आणि ३२ खाल्ले. तरी ३-२ अशा मतांनी सुवर्ण पार्कच्या गळ्यात पडलं. जोन्सला त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून गौरवण्यात आलं, आणि पुढच्या ऑलिम्पिकपासून बटण दाबून गुण देण्याची यंत्रणा आली. जोन्स व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेता झाला. पार्कच्या नावापुढे मात्र तो निकाल कायमचा चिकटला. अखेर २०२३ मध्ये पार्क स्वतः अमेरिकेत गेला आणि ते पदक जोन्सच्या हातात देऊन आला. घरच्यांनी प्रेमाने दिलेली भेट त्याने ३५ वर्षं ओझ्यासारखी वाहिली.

हे सगळं सोल आणि ब्रिस्बेनपुरतं आहे, असं समजू नका. महाराष्ट्र केसरीचा आखाडा आठवा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत 'बाहेरच्या टांगे'ला चार गुण दिले आणि राज्यभर दोन तट पडले. पंचाला धमकीचा फोन गेल्याची तक्रार पोलिसांपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला निकाल न पटल्याने शिवराज राक्षेचा पंचावरच तोल सुटला, महेंद्र गायकवाड अंतिम कुस्ती सोडून बाहेर पडला आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात टाकणं चूकच, त्यात दुमत नाही. पण दाद मागायचा भरवशाचा आणि झटपट रस्ता दिसला नाही, की माणूस एक तर सरितासारखा रडतो नाही तर राक्षेसारखा भडकतो. खेळाडूला शिक्षा देऊन हा प्रश्न निम्माच सुटतो.

आणि बुलडाणा जिल्ह्याला हा प्रश्न इतरांपेक्षा जवळचा आहे. इथल्या पोरापोरींना नाव कमवायचं तर बाहेरच जावं लागतं. जिल्ह्यानंतर विभाग, विभागानंतर राज्य, आणि प्रत्येक पायरीवर मैदान दुसऱ्याचं. आपला अनंता चोपडे असाच घडला. बुलडाणा जिल्ह्यातला हा मुलगा अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. २०२२ मध्ये थायलंड ओपनच्या अंतिम फेरीत समोर थायलंडचाच बॉक्सर होता आणि गॅलरीही त्याचीच. अनंताने पाचही जजची मतं घेतली, ५-० ने जिंकला.

त्यावर कुणी म्हणेल, "बघा, असं खेळावं, पंचाला संधीच देऊ नये." प्रशिक्षक पोरांना हे सांगतात आणि त्यांनी सांगायलाच पाहिजे. पण स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे वाक्य बोलू नये. बाहेरगावच्या खेळाडूने दुप्पट चांगलं असलं पाहिजे, असं कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही. जेमतेम एका फेरीने सरस असलेल्या पोरालाही जिंकायचा हक्क आहे.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार महागड्या नाहीत. ज्या गावचा खेळाडू, त्या गावचा जज नको, हे लढती ठरवतानाच बघता येतं. प्रत्येक फेरीचे गुण प्रत्येक जजच्या नावासह स्पर्धा संपल्यावर फळ्यावर लावता येतात. रिंगच्या दोन बाजूंना साधे मोबाईल स्टँडवर लावून पूर्ण लढत चित्रित करता येते. तक्रारीची फी एखाद्या शेतमजुराच्या पोरालाही परवडेल एवढीच ठेवता येते, आणि तक्रारीचं उत्तर त्याच दिवशी लेखी देता येतं. जिल्हा पातळीपासून ही सवय लागली, तर वर गेल्यावर आपला खेळाडू हक्काने विचारू शकेल, "माझ्या फेऱ्या कुणी कशा मोजल्या?"

राहिला आपला वाटा. "हाण त्याले!" म्हणून ओरडणं बंद करा, असं कुणी सांगणार नाही. ओरडण्यासाठीच तर आपण जातो. पण पाहुण्याचा ठोसा चांगला बसला तर एक टाळी त्यालाही वाजवा. जजच्या खुर्चीमागे घोळका करून उभे राहू नका. आणि तालुक्यात आपण उचलून धरलेला पोरगा विभागात गेल्यावर उघडा पडतो, हेही लक्षात ठेवा. तिथे आपला आवाज पोहोचत नाही, तिथे त्याचा डावा हातच कामी येतो. तो कुठे कमी पडतोय हे त्याला इथेच कळलं, तर भलं त्याचंच.

पुढच्या वेळी आपल्या गावच्या बॉक्सरचा हात अटीतटीच्या लढतीनंतर वर गेला, की मिरवणूक जरूर काढा. गुलालही उधळा. मग रात्री घरी गेल्यावर मोबाईलमधला व्हिडिओ उघडा, आवाज पूर्ण बंद करा, वहीच्या कागदावर दोन रकाने आखा आणि प्रत्येक फेरीनंतर १० कुणाला, ९ कुणाला ते लिहा. बेरीज आपल्या पोराच्या बाजूने आली तर झोप छान लागेल. नाही आली, तर सकाळी सरावाला जाऊन तो कागद त्याच्या हातात द्या.