तीन ठिपक्यांचा चाकू

दिवाळीची आवराआवर करताना आजोबांचा चाकू सापडला. घडीचा. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी, चार बोटं लांबीचं पातं. पात्याच्या मुळाशी ठोकलेले तीन ठिपके. बाकी ना कंपनीचं नाव, ना गावाचं.

लगेच दादाचा फोन. "फेकू नकोस हं. काचेच्या पेटीत घालून आजोबांच्या फोटोखाली लावू." दादा हे वाचणारच आहे, म्हणून इथंच सांगून टाकतो, मला हे पटलेलं नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आजोबांची लातूरला गंजगोलाईत आडत होती. हा चाकू कायम त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. पोत्याची सुतळी कापायला तोच, पेरू चिरायला तोच आणि माझ्या पेन्सिलीला टोक करायलाही तोच. सुपारीला मात्र अडकित्ताच लागायचा. "ज्याचं काम त्यानंच करावं," असं म्हणायचे.

चाकू बनवून घेतला तो १९८६ च्या उन्हाळ्यात, नांदेडला. मी नऊ वर्षांचा होतो. अहमदपूर, लोहा करत एस.टी.नं गेलो होतो. नांदेड म्हणजे गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला ते गाव. गुरुद्वाऱ्याच्या आसपास कृपाणी, तलवारी आणि कडी विकणारी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. या वस्तू घडवणाऱ्यांत शिकलगार शीख पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शिकलगार हा शब्द अरबी 'सैकल'वरून आला. सैकल म्हणजे घासून लखलखीत करणं. गुरूंच्या फौजेची शस्त्रं आमच्याच पूर्वजांनी घडवली, असं हा समाज अभिमानानं सांगतो.

आजोबा तलवारींच्या दुकानात शिरलेच नाहीत. मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या सरदारजींकडे गेले. जमिनीवर मांडलेली भट्टी, शेजारी ट्रकच्या पाट्याचे तुकडे. त्यांनी आजोबांचा पंजा उघडून बघितला आणि बोटांच्या मापानं मूठ बेतली. चपलेचं माप घेताना पाहिलं होतं, चाकूचं माप पहिल्यांदाच पाहिलं!

मग पातं लाल करून तेलात बुडवलं. मला वाटलं, झालं काम. पण ते पुन्हा हलक्या आचेवर धरलं, गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग चढेपर्यंत. यातली गोम मला फार उशिरा कळली. पहिलं पाणी दिल्यावर पोलाद कडक होतं खरं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. दुसऱ्या आचेनं त्यात थोडा चिवटपणा येतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गेला एका खिळ्यावर. पातं ज्यावर फिरतं तो खिळा. घट्ट ठोकला तर चाकू उघडत नाही, सैल राहिला तर पातं डुगडुगतं आणि बोट कापतं. सरदारजी एक हलका ठोका मारायचे, उघडायचे, मिटायचे, कानाशी धरून आवाज ऐकायचे, पुन्हा एक ठोका. वीसेक वेळा तरी! मग पैसे घेताना म्हणाले, "ढीला हुआ तो लेके आना."

मला वाटतं, हातानं बनवलेल्या वस्तूचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे. आज आपण वस्तूबरोबर हमीचा कागद घेतो. तेव्हा हमी म्हणजे तो माणूस. मी अमुक गल्लीत बसलोय, काही बिघडलं तर या, मी आहे.

आता खिळा खरंच ढिला झालाय. म्हणून गेल्या महिन्यात कामासाठी नांदेडला गेलो तेव्हा चाकू बरोबर नेला. २००८ च्या गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या वेळी शहर पार बदललं, रस्ते रुंद झाले. ती गल्ली काही मला ओळखू येईना. चार-पाच जणांना विचारलं. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "नाम क्या था?"

आणि मला नाव माहीत नव्हतं. आजोबांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. तीन ठिपके दाखवत फिरलो. कुणालाच ती खूण ओळखता आली नाही. चाकू किती चांगला होता हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, पण तो करणाऱ्याचं नाव विचारायला मला दोन मिनिटं मिळाली नव्हती.

उत्तर प्रदेशात रामपूरच्या चाकूचंही बघा. सिनेमानं तो गुंडाच्या हातात दिला. पुढे लांब पात्यांवर बंदी आली आणि कारागीर कमी होत गेले. मग २०२३ मध्ये तिथल्या चौकात वीस फुटी चाकूचं शिल्प उभं राहिलं. तिकडे जपानमध्ये 'हिगोनोकामी' नावाचा घडीचा चाकू शाळकरी मुलं पेन्सिलीसाठी वापरायची. १९६० नंतर मुलांच्या हातातून चाकू काढून घ्यायची मोहीमच निघाली. आज मिकी गावात एकच घराणं तो बनवतं. पण त्यांच्या मुठीवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. माझं मत विचाराल तर वीस फुटी शिल्पापेक्षा मला ही कोरलेली अक्षरं मोठी वाटतात.

असो. शेवटी एका तरुण कारागिरानं खिळा बसवून दिला. पन्नास रुपये घेतले. चाकू उलटसुलट बघून म्हणाला, "बनानेवाला पक्का था। लेकिन धार का क्या हाल किया है आपने!" मी ओशाळलो. त्यानं कुरुंदाचा दगड पुढे ठेवला आणि पातं किती तिरपं धरायचं ते माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. या वेळी नाव विचारलं. इथं लिहीत नाही, पण माझ्या वहीत आहे.

तर दादा, म्हणून पेटी नको. पेटीत चाकू गंजेल आणि आपल्याला वाटत राहील की आपण आठवण जपली. तू ये, पेरू आणलेत. धार मी लावलीय, तेव्हा जरा जपून.