आधी प्रत, मग दुरुस्ती



आपल्या शाळेच्या कार्यालयात गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते, "जरा बसा हं, मेल उघडतोय." पूर्वी हे वाक्य संपेपर्यंत मेल उघडलेला असे. गेल्या पावसाळ्यात मात्र अशी पाळी आली, की आलेल्या माणसाने पाणी प्यावे, फळ्यावरचा सुविचार दोनदा वाचावा, तरी पडद्यावरची चकती आपली फिरतेच आहे. बरे, उघडल्यावर तरी काय? एका पत्रावर क्लिक करावे तर भलतेच पत्र समोर येई. यादीत विषय दिसे सहलीच्या बसभाड्याचा आणि आत मजकूर निघे वह्यांच्या बिलाचा.

नेमक्या त्याच आठवड्यात एका माजी विद्यार्थिनीचा परदेशातून फोन आला. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळावी म्हणून तिने ई-मेलने अर्ज केला होता आणि सोबत जुन्या दाखल्याचे छायाचित्र जोडले होते. यादीत तिचे नाव दिसत होते, पण पत्र काही उघडेना. कार्यालयातल्या ताई अगदी रडकुंडीला आल्या.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण म्हणाले, "मशीन म्हातारं झालं, नवीन घ्या." दुसरे म्हणाले, "प्रोग्रॅम काढून टाका आणि परत घाला." तिसऱ्यांनी तर निकालच दिला, "सगळं फॉरमॅट मारा, एकदम मस्त चालेल." मी या शाळेचा एक पालक. पोटापाण्याचा उद्योग संगणकाचा, म्हणून मलाही बोलावले होते. मी तिन्ही सल्ल्यांना नाही म्हटले. का म्हटले, ते सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

कारण याआधी एकदा मी गप्प बसलो होतो. २०१८ साली कार्यालयातला जुना संगणक असाच रडतखडत चालत होता. तेव्हाही कुणीतरी फॉरमॅटचा सल्ला दिला, मीही मान डोलावली आणि अर्ध्या तासात संगणक लख्ख झाला. दोन दिवसांनी लक्षात आले, की त्याच्याबरोबर शाळेची पत्रेही गेली. त्या वेळी मांडणीच अशी होती, की पत्र आपल्या संगणकावर उतरले की सर्व्हरवरून पुसले जाई. म्हणजे एकच प्रत, आणि तीही आपण आपल्या हाताने पुसली. देणगीदारांची पत्रे, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, सुवर्णमहोत्सवाचा सगळा पत्रव्यवहार, यांतले आज शाळेजवळ काहीही नाही. कुणी मला दोष दिला नाही, पण चूक माझी होती.

आता बिघाड काय होता, ते सांगतो. विद्यार्थ्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या कार्यालयात थंडरबर्ड हा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्याची १.० आवृत्ती मोझिलाने २००४ साली काढली. आपल्याला वाटते, की प्रत्येक पत्र वेगवेगळ्या पाकिटात ठेवलेले असेल. तसे नसते. नेहमीच्या मांडणीत एका फोल्डरमधली सगळी पत्रे एकाच लांबलचक फाईलमध्ये, एकाखाली एक, लिहिलेली असतात. तिच्या शेजारी दुसरी एक छोटी फाईल असते, ती म्हणजे अनुक्रमणिका. कोणते पत्र कुठून सुरू होते, कोणी पाठवले, विषय काय, हे तिच्यात असते. पडद्यावर दिसणारी यादी या अनुक्रमणिकेवरून येते आणि मजकूर मोठ्या फाईलमधून येतो. पुस्तकाची पाने हलली आणि अनुक्रमणिका जुनीच राहिली तर काय होईल? सहलीच्या पानावर वह्यांचे बिल निघेल. आपले तेच झाले होते.

दुसरी गोष्ट. आपण पत्र 'डिलीट' करतो तेव्हा ते फाईलमधून लगेच जात नाही. वहीतल्या ओळीवर लाल पेन्सिलीने काट मारावी तशी त्याच्यावर नुसती खूण होते, जागा अडलेलीच राहते. ती मोकळी करण्यासाठी फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावा लागतो. आपण कित्येक वर्षे तो केलाच नव्हता. त्यात भर जोडपत्रांची. छायाचित्र ई-मेलमधून जाताना त्याच्या दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो पत्रात ४ एमबीची जागा खातो. स्नेहसंमेलनाचे शंभर फोटो आले की हिशेब तुम्हीच करा. आपली 'इनबॉक्स' ही एकच फाईल ११ जीबीची झाली होती. त्यात तिला जरा हात लागला की विषाणूरोधक प्रोग्रॅम ती तपासायला घेई.

मग फाईल खराब कशाने झाली? उत्तर साधे निघाले. संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढला जाई, मग मेलचा प्रोग्रॅम उघडा असो की बंद. लिहिता लिहिता कुणी हातातली वही हिसकावून घ्यावी, तसे हे. यात शिपाईकाकांना बोल लावू नये. आधी प्रोग्रॅम बंद करावा, मग संगणक, मग वीज, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

दुरुस्तीला आम्हाला एक दुपार लागली. पहिले काम प्रत काढण्याचे. प्रोग्रॅम बंद केला आणि पत्रे ज्यात असतात तो 'प्रोफाइल' फोल्डर जसाच्या तसा उचलला. तो कुठे असतो हे हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या माहितीत सापडते. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हने ११ जीबीची फाईल घ्यायला नकार दिला. जागा होती, पण तो ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाईल मावत नाही. शेवटी बाहेरची हार्ड डिस्क आणली. प्रत झाली, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली, आणि मगच मूळ फाईलला हात लावला.

पुढे एकेक शंका घेत गेलो. प्रोग्रॅम 'ट्रबलशूट मोड'मध्ये, म्हणजे वरून घातलेल्या जोडण्या बंद ठेवून, सुरू केला. फरक पडला नाही, म्हणजे दोष त्यांचा नव्हता. मग इनबॉक्सवर उजवी क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, 'रिपेअर फोल्डर' हे बटण दाबले. याने जुनी अनुक्रमणिका टाकून मोठ्या फाईलवरून नवी तयार होते. बराच वेळ लागला. ताईंनी तेवढ्यात फीच्या पावत्या लावून घेतल्या. यादी परत आली तेव्हा विषय आणि मजकूर जुळत होते. त्यानंतर डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे हे पाहून फोल्डर कॉम्पॅक्ट केला, कारण त्या वेळी प्रोग्रॅम नवी फाईल लिहून मग जुनी काढतो. ११ जीबीचे ६ झाले. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यासारखा उघडू लागला.

त्या माजी विद्यार्थिनीचे पत्र मिळाले आणि दाखल्याची दुय्यम प्रत रवाना झाली. दोन पत्रे मात्र मधेच तुटलेली निघाली. ती पाठवणाऱ्यांकडून पुन्हा मागवावी लागली. नवीन संगणक घेतला असता तर हीच ११ जीबीची फाईल तिथे गेली असती आणि दुखणे तसेच राहिले असते. प्रोग्रॅम काढून परत घातला असता तरी फाईल तीच राहिली असती. आणि फॉरमॅट मारला असता तर काय झाले असते, ते आपण एकदा पाहिले आहेच.

म्हणून माझे म्हणणे असे, की शाळेची ई-मेल हे शाळेचे दप्तर आहे आणि तिला दप्तराचाच मान मिळाला पाहिजे. बडोद्याच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. सयाजीराव महाराजांच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवलेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुढे पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. ते करता आले, कारण कुणा अनामिक कारकुनांनी कागद रुमालात बांधून, दशकानुदशके जपून ठेवले होते. आपल्या शाळेची आवक-जावक नोंदवही आजही कपाटात कुलुपात असते. मग तिच्याहून अधिक पत्रे जिथे येतात, तो डबा वाऱ्यावर का?

विश्वस्त मंडळापुढे मी नम्रपणे पाच गोष्टी ठेवतो. एक, शैक्षणिक वर्ष संपले की त्या वर्षाची पत्रे त्या वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवावीत, इनबॉक्समध्ये चालू कामच राहावे. दोन, सर्व पत्रांच्या दोन प्रती असाव्यात, एक शाळेत आणि एक शाळेबाहेर सुरक्षित जागी, आणि सहा महिन्यांनी प्रत उघडून ती वाचता येते ना हे पाहावे. तीन, कार्यालयाच्या संगणकाला यूपीएस असावा. चार, ई-मेलचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापक आणि एक विश्वस्त यांच्याजवळ असावा. आणि पाच, या कामासाठी ताईंना महिन्यातून दोन तास कामाच्या वेळातच मिळावेत. पाचवी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळे सांभाळा म्हणायचे आणि वेळ द्यायचा नाही, हा न्याय नव्हे.

काही पालक विचारतील, "आता सगळं सर्व्हरवरच राहतं, मग एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. आता आपली पत्रे सर्व्हरवरही राहतात आणि ही चांगली सोय आहे. पण संगणकावर पत्र पुसले की तिथूनही पुसले जाते. तिथली जागाही भरते. खाते उघडणारी व्यक्ती शाळा सोडून गेली आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसला, की ते दारही बंद. म्हणून आपल्या हातात एक वेगळी प्रत हवीच. ज्या पालकांच्या दुकानात किंवा कचेरीत आऊटलुक आहे, त्यांनाही हेच लागू. आऊटलुक २००२ पर्यंत पत्रांच्या फाईलला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाईल हमखास अडे. पुढे मर्यादा वाढली, पण सवय बदलायला हवी ती हवीच. त्याच्याबरोबर येणारे इनबॉक्स रिपेअरचे साधनसुद्धा दुरुस्तीआधी प्रत ठेवू का, असे विचारते. त्याला 'नको' म्हणू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एकच सांगणे. संगणक अडला की "उडवून टाक" म्हणणारा हुशार वाटतो, कारण त्याचे काम झटपट होते. तुम्ही आधी विचारा, "याची प्रत आहे का?" नसेल तर ती काढा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला ते वहीत लिहा. विज्ञानाच्या तासाला प्रयोग करताना हेच तर करता.

आणि ज्यांच्याजवळ शाळेशी २०१८ पूर्वी झालेला पत्रव्यवहार असेल, त्या माजी विद्यार्थ्यांना आणि देणगीदारांना विनंती, की ती पत्रे कार्यालयाकडे पुन्हा पाठवावीत. आपण गमावलेल्या दप्तरातले जेवढे परत येईल तेवढे हवे आहे. आलेल्या पत्रांसाठी स्वतंत्र फोल्डर तयार आहे, आणि त्याची प्रतही.

— एक पालक