घरी थांबलेलीचे काय?

एड्सचे नाव बैठकीत काढले की चार जण मान खाली घालतात आणि पाचवा म्हणतो, "तो शहरातला रोग, कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचे काय?" आपली ज्वारी पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते तेव्हा ट्रकबरोबर माणूसही जातो. दुष्काळात ज्वारी जात नाही, नुसता माणूसच जातो. सहा-सहा महिने बांधकामावर राहतो आणि पेरणीला घरी येतो. शहर आणि शिवार यांत एवढेच अंतर आहे.

सुरुवातीच्या वर्षांत या रोगाचा प्रचार भीती घालून झाला. भिंतीवर कवटी, खाली उपदेश: एकनिष्ठ राहा. उपदेश वाईट नव्हता. पण तो पाळणाऱ्या बाईचे काय झाले, ते पुण्यातच दिसले. भोसरीला 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. तिथल्या डॉक्टरांनी 1993 ते 1996 या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायका तपासल्या. त्यांत धंदा न करणाऱ्या 391 होत्या, बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यापैकी शेकडा 13.6 जणींना लागण झालेली निघाली. दवाखान्याची पायरी न चढलेल्या कोणी मोजल्या?

या बायकांना भिंतीवरची कवटी काय सांगणार होती? नवऱ्याला 'निरोध वापर' म्हणावे तर तिच्याच चारित्र्यावर बोट. उलट, ज्यांच्याकडे पाहून गाव नाक मुरडते त्या बुधवार पेठेतल्या बायकांनी 'सहेली संघ' उभा केला आणि निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचे नाही, हे एकमेकींना पटवले. सरकारी पाटीपेक्षा शेजारणीचा शब्द पुढे गेला. आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांना हे वाचून राग येईल. येऊ द्या.

आता कवटीची गरजही उरलेली नाही. 2004 पासून सरकारी केंद्रांत औषध फुकट मिळते. ते रोज न चुकता घेतले आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईची वेळेवर तपासणी होऊन औषध सुरू झाले तर बाळ बहुतेक वेळा वाचते. 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, नाव फोडणे, घराबाहेर काढणे यांना बंदी आहे. तरी नवरा गेला की सुनेला माहेरी धाडायचे आणि तिच्या वाट्याचे शेत दिराने पेरायचे, हे आम्ही पाहिले आहे. तिथे रोगाइतकाच सातबाराही कारणीभूत असतो.

1097 हा फोन फुकट आहे, नाव सांगावे लागत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाच्या आधी एक तास या विषयाला ठेवला आहे, नंतर नाही. नंतर सगळे उठून चहाला जातात. येताना घरच्या बायकांना घेऊन या, आणि त्यांना पुढे बसवा.