तीन रुपयांचं बटण

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या डिशवॉशरने संप पुकारला. पॅनलवरचे दिवे लागत होते, पण कुठलंही बटण दाबा, मशीन ढिम्म! सिंकमध्ये दोन वेळची खरकटी भांडी, आणि बायकोच्या चेहऱ्यावर 'तूच घ्यायचा म्हणाला होतास ना' हे वाक्य. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नारळाच्या काथ्यात बिघाड झालेला मी तरी कधी पाहिला नाही." असो.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पहिला उपाय ठरलेला: प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. काही नाही. चाइल्ड लॉक बघितलं, बंद होतं. दाराची खिटी नीट बसत नसेल म्हणून दार चार वेळा आपटलं. तरी काही नाही. आणि सकाळी उठून बघतो तर मशीन व्यवस्थित चालू! खूश होऊन भांडी लावली, धुऊन झाली, आणि रात्री परत तेच. कधी येतो, कधी गायब होतो, असा बग. या जातीच्या बगला ऑफिसात आम्ही सगळेच टरकून असतो.

पण यात एक धागा होता. मशीन रात्रभर कोरडं राहिलं की सकाळी चालतं, गरम पाण्याने भांडी धुतली की बंद पडतं. म्हणजे वाफ. पॅनल दाराच्या वरच्या कडेलाच असतं आणि धुणं संपल्यावर दार उघडलं की वाफेचा पहिला लोट तिथेच जातो. त्यात पुण्याचा पाऊस, घरातले टॉवेलसुद्धा वाळेनात.

कंपनीचा माणूस आला. त्याने चार बटणं दाबली आणि निकाल दिला, "पीसीबी गेला सर. ८,५०० रुपये. यायला पंधरा दिवस." मी म्हटलं, "अहो, एखादं बटणच खराब झालं असेल तर?" तो म्हणाला, "बटण सुटं येत नाही सर." त्याने मशीन उघडलंच नाही. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याच्याकडे सर्किटचा नकाशा नव्हता, सोल्डरिंगचं सामान नव्हतं. आख्खा बोर्ड बदलणं एवढीच दुरुस्ती त्याला शिकवलेली.

वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे शनिवारी प्लग काढून मीच दार खोललं. (काही मशीनमध्ये याच बोर्डावर २३० व्होल्ट असतात. ज्याला यातलं कळत नाही त्याने माझं ऐकून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये.) आत कडेला चांदणीच्या आकाराचे स्क्रू, मग चपटी केबल, मग तो बोर्ड. प्रत्येक बटणाखाली चार पायांचा एक छोटा स्विच. मल्टिमीटर लावला. बाकी सगळे स्विच न दाबता 'उघडे' दाखवत होते, फक्त 'स्टार्ट'चा थोडा वीज सोडत होता आणि त्याच्या पायांशी हिरवट गंज चढला होता. आतल्या प्रोसेसरला वाटत होतं की कुणीतरी 'स्टार्ट' दाबूनच बसलंय. म्हणून तो बाकी बटणांकडे लक्षच देत नव्हता! बिचाऱ्या बोर्डाला काहीही झालं नव्हतं.

मग बुधवार पेठेत तपकीर गल्ली. दुकानदाराने जुना स्विच बोटावर ठेवून पाहिला आणि म्हणाला, "उंची बघून घ्या. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर वरचं बटण दाबलंच जाणार नाही." दहा स्विच तीस रुपये. म्हणजे एक तीन रुपयांना. सोल्डर केला, बोर्ड आयसोप्रोपिलने पुसला, आणि संध्याकाळी मशीन सुरू.

तीन रुपये आणि साडेआठ हजार. हा फरक काही माझ्या हुशारीचा नाही, दडवलेल्या माहितीचा आहे. जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत कित्येकदा सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तो वाचून काम करायचा. आज मॅन्युअलमध्ये काय, तर 'सेवा केंद्राशी संपर्क साधा'.

आणि हे दडवतं कोण? आपणच की. मशीनला कळलेलं असतं की एक बटण दाबलेलं अडकलंय. ते सांगायला प्रोग्रामच्या चार ओळी पुरतात. पण असल्या ओळी लिहिणारे आम्ही 'काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा' यावर भागवतो. माझ्या स्वतःच्या कोडमध्येही हे वाक्य आहे, खोटं कशाला बोलू.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे की डिशवॉशरचे सर्किट बोर्ड, डिस्प्ले, पंप वगैरे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना किमान सात वर्षं मिळालेच पाहिजेत. म्हणजे कंपनीबाहेरच्यांनाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती ठेवणं वेगळं आणि सुटा भाग देणं कंपनीवर बंधनकारक असणं वेगळं.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पुढचं मशीन घेताना किती स्टार आहेत, किती प्रोग्राम आहेत हे विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: "याचं एक बटण गेलं तर एक बटण मिळेल का?" सेल्समन गोंधळेल. गोंधळू दे. शंभर लोकांनी विचारलं की तो वर विचारेल.

उरलेले नऊ स्विच डबीत जपून ठेवलेत. वाफ निघून जाईपर्यंत दार उघडायचं नाही, असा घरात नवा नियम झालाय. आईला सगळं सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते दोन आठवडे भांडी कोणी घासली?"