एफसीआर म्हणजे काय?

घरच्या कोंबड्यांचे शब्द आपल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाहीत. अजून अंड्यावर न आलेली ती तलंग. अंडी थांबवून उबवायला बसू पाहते ती खुडूक. उर्दूत तीच कुडक. तिच्याखाली अंडी ठेवली की 21 दिवसांत पिल्ले.

शेड बांधून कंपनीशी ब्रॉयलरचा करार केला की मात्र भाषा बदलते. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, तूस आणि रात्रीची जागरणे आपली. मोबदला ठरवताना एफसीआर पाहतात. म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले. 2 किलोच्या पक्ष्यामागे 3.2 किलो खाद्य, तर एफसीआर 1.6. आकडा जितका कमी तितके बरे. मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेलेही हिशेबात येते, म्हणून शेवटच्या आठवड्यातली मरतूक फार महाग पडते.

हे गणित सातवीच्या पलीकडचे नाही, हे आम्ही शिक्षक म्हणून सांगतो. सही करण्याआधी ते घरातल्या मुलीकडून मांडून घ्या. खाद्याची पोती उतरतानाच मोजून वहीत लिहा, आणि पक्षी उचलायला गाडी आली की काट्यापाशी घरचे माणूस उभे करा.